रंग जुळणे पुरेसे नाही

अंगाचा रंग परिसराशी जुळला की भक्ष्य शिकाऱ्याच्या नजरेतून सुटते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. साताऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, उघड्या जमिनीत घातलेली टिटवीची अंडी पाहावीत. मातकट कवचावरचे काळसर, वेडेवाकडे डाग अंड्याची गोलाई मोडून टाकतात आणि शिकाऱ्याची नजर ज्या बाह्यरेषेवर ठरते ती रेषाच तुटल्यामुळे अंडी खड्यांत मिसळून जातात. पण टिटवी स्वतः लपणारी नव्हे, म्हणून धोका दूर असतानाच ती घरट्यावरून उठते. याउलट वाळक्या पाचोळ्यासारखी पिसे असलेला रातवा हा निशाचर पक्षी अगदी पाय पडेपर्यंत हलत नाही, कारण हालचाल झाली की उत्तमातला उत्तम रंगही निरुपयोगी ठरतो.

लपण्याला दुसरी बाजूही आहे, आणि मला तीच अधिक रोचक वाटते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये नवी जात म्हणून नोंदवलेल्या सरड्याच्या नराला निळा, काळा व नारिंगी असा भडक गळपंखा, म्हणजे गळ्याखाली पंख्यासारखा उलगडणारा कातडीचा पडदा, असतो. विणीच्या काळात दगडावर चढून तो हा पंखा फुलवतो. एरवी मिटलेला असताना उरते ते मातीच्या रंगाचे अंग.