मदत हवी आहे : डिलिव्हरीआधीचा खालचा मसाज कसा करायचा?

मुलुंडकरीण : डॉक्टर म्हणाल्या, "घरी खालचा मसाज सुरू करा," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ओपीडीत ही गर्दी, विचारायचं राहून गेलं. सासूबाईंना विचारायची लाज वाटते. तेल कुठलं, किती वेळ, रोज का? लवकर सांगा.

जुनी_दादरकर : अगं, कितवा आठवडा? पहिलटकरीण का? वार (प्लासेंटा) खाली आहे का?

शतपावली : खोबरेल कोमट करून पाठीला, पोटऱ्यांना लाव. मला छान झोप लागायची.

मुलुंडकरीण : पाठीचा नाही हो! योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेचा. पहिलीच वेळ.

जुनी_दादरकर : आठवडा??

मुलुंडकरीण : सोमवारी ३४ पूर्ण. वार वर आहे.

फिजिओ_परळ : मग सुरू करायला हरकत नाही. नखं काप, हात धू, उशीला टेकून गुडघे दुमडून बस. बिनवासाचं खोबरेल किंवा बदामतेल घे. अंगठे ३-४ सेंटिमीटर आत घालून गुदद्वाराकडे दाब, मिनिटभर धर, मग दोन्ही बाजूंना. ५ मिनिटं पुरे. चुरचुरेल, पण दुखलं तर सोड. पुढे लघवीच्या जागेकडे दाबू नकोस. आठवड्यातून एक-दोनदा बास, रोज केल्याने जास्त फायदा दिसलेला नाही. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात (त्यात बरेच अभ्यास एकत्र तपासतात) साधारण १५ जणींनी केला तर एकीचे डिलिव्हरीतले टाके वाचले.

दोन_लेकरांची_आई : पंधरात एक? त्यापेक्षा केगल कर, म्हणजे लघवी रोखतो ते खालचे स्नायू आवळायचा व्यायाम. मी रोज वाशी ते वडाळा लोकलमध्ये बसून करायचे. शिंकताना लघवीचे थेंब गळायचे ते थांबले.

फिजिओ_परळ : थेंबांसाठी केगलच. पण त्यात स्नायू आवळायला शिकतो. बाळ बाहेर येताना ते सोडता यायला हवेत. मसाज करताना श्वास सोडत खालचं सैल सोडायचं, तीच सवय लागते.

दोन_लेकरांची_आई : म्हणजे मला केगल करूनही टाके पडले ते यामुळे?

फिजिओ_परळ : तसं नाही. बाळाचं वजन, डोक्याची दिशा, कितीतरी कारणं असतात.

बोरिवली_वेस्ट : सरळ सिझर करा, टाक्यांची कटकट नको.

जुनी_दादरकर : सिझरला काय पोट फेविकॉलने चिकटवतात? तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!

मुलुंडकरीण : पोटामुळे अंगठे पोचतच नाहीत.

फिजिओ_परळ : एक पाय स्टुलावर ठेवून एकाच अंगठ्याने कर. भिंतीचा आधार घे.

मुलुंडकरीण : बरं. थोडं पांढरं जातंय, खाजही आहे. तेलाने बरं वाटेल ना?

फिजिओ_परळ : हे आधी सांगायचं गं! आज हात लावू नकोस. जंतुसंसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत मसाज नाही. उद्याच डॉक्टरांना दाखव.

मुलुंडकरीण : उद्या दुसरा शनिवार, ओपीडी बंद असते. मुलुंड-भांडुपमध्ये कुठली लेडी डॉक्टर बसते?