फ्लूची लस: गरोदर बाया नाही म्हणतात, की त्यांना कोणी नीट देतच नाही?

आशा कार्यकर्ती, दारव्हा तालुका

आमच्या भागातल्या गरोदर बाया फ्लूच्या लशीला घाबरतात, असं मीटिंगला नेहमी ऐकावं लागतं. मला ते पटत नाही. याच बाया टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन निमूट दंड पुढे करून घेतात. पोटातल्या लेकराला काय होईल, असं तेव्हा कोणी विचारत नाही. ते कार्डावर छापलेलं असतं, सिस्टर स्वतः देते, सासूनेही तिच्या वेळी धनुर्वाताचं म्हणून घेतलेलं असतं. फ्लूच्या लशीला यातलं काहीच नाही. ती राष्ट्रीय लसीकरणात नाही. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत आपल्या राज्याने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना ती मोफत द्यायला सुरुवात केली, पण आमच्याकडे साठा कधी असतो, कधी नसतो. असला तरी "घ्यायची का?" असं विचारलं जातं. बाई म्हणते, घरी विचारून सांगते. तिथेच विषय संपतो.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. आपल्याकडे डॉक्टर ही लस बहुतेक २६ आठवड्यांनंतर सुचवतात. म्हणजे सहावा सरून सातवा लागायचा काळ. पहिलटकरीण नेमकी तेव्हाच ओटी भरून माहेरी जाते. सासरच्या आशाला वाटतं माहेरी घेईल, माहेरच्या आशाला वाटतं सासरी झालं असेल. कार्डात टीडीच्या तारखांना जागा आहे, फ्लूचं कडेला पेनाने लिहावं लागतं. ते लिहायचं राहिलं की झालं.

माझं म्हणणं एवढंच, की टीडीसारखी हीसुद्धा पावसाळ्याआधी नेमाने, समजावून द्या. मग किती बाया नाही म्हणतात ते बघू.

शेतकरी, वणीकडचा (बायको सातव्या महिन्यात)

ताई, तुमचं बरोबर असन, पण घरच्याईचं बी ऐका. लस घेतली अन् रातच्याले ताप भरला तं? निंदणाचे दिवस, नाल्याले पाणी. १०८ ले फोन लावला तरी गाडी नाल्याच्या पलीकडंच थांबते. चांगल्या जिवाले आपल्या हातानं ताप काहून लावून घ्यावा? सर्दी-खोकला तं पावसाळ्यात घरोघर रायते. अन् आम्हाले सरकारी दवाखान्यात लस भेटली नाही, खासगीत हजाराच्या वर सांगतले. एवढी गरजेची असती तं टीडीसारखी फुकट भेटली असती, असं माय म्हणते. मले बी तसंच वाटते.

आशा कार्यकर्ती, दारव्हा तालुका

भाऊ, या लशीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी एखादा दिवस कसकस वाटते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस वेगळी, ती गरोदरपणात देत नाहीत. आणि फ्लू म्हणजे साधी सर्दी नाही. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय छातीखालच्या पडद्याला वर रेटतं, फुफ्फुसाला फुगायला जागा कमी उरते. अशात न्यूमोनिया झाला तर बाईला दम पुरत नाही. २००९ च्या साथीत गरोदर बाया जास्त गंभीर झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या लशीसाठी गरोदर बायांना सगळ्यांच्या आधी धरलं, ते उगाच नाही. तुम्ही नाल्याच्या पाण्याचं सांगता ना, मग तर आधीच घेतलेली बरी.

निवृत्त परिचारिका, आर्वी

आशाताईंची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. हिमोग्लोबिन आठच्या खाली असलेली बाई कापूस वेचायला जाते, लोहाच्या गोळ्या घरी पेटीत पडून असतात. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार एवढा, आणि कितीतरी जणींची तपासणी सातव्या महिन्यापर्यंत झालेली नसते. एका सिस्टरकडे किती गावं असतात, ते मी भोगलं आहे. नवं काम आलं की जुनं मागे पडतं, रजिस्टर मात्र भरलेलं दिसतं. शिवाय फ्लूची लस दरवर्षी बदलते, सगळ्या वर्षी सारखी लागू पडत नाही. हेही बायांना सांगायला हवं.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, अमरावती जिल्हा

सिस्टर, सांगायलाच हवं, मान्य. पण सिकलसेलच्या रुग्णाला फ्लू जास्त जड जातो, म्हणून तिला तर लस आधी हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानात रक्त, बीपी, वजन होतंच. त्याच टेबलावर लस देता येते, वेगळी फेरी लागत नाही.

बाळाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने गरोदरपणात घेतली, तर तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते. ती तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. साथ लागल्यावर साठा येतो तेव्हा निम्मा उपयोग गेलेला असतो. माझं भांडण वरच्यांशी आहे ते यासाठी. आणि लस घेतली असो वा नसो, गरोदर बाईला ताप-खोकला आला तर काढ्यावर थांबू नका. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं.

शेतकरी, वणीकडचा

लेकराचं आम्हाले कोणी सांगतलंच नव्हतं. पण मायले मी सांगून ते ऐकणार नाही. आमच्या गावच्या आशाताईनं घरी येऊन तिच्यासमोर बोलावं. अन् साठा हाय का ते आधी पाहून या. गेल्या खेपेसारखं दवाखान्यातून रिकाम्या हातानं पाठवलं, तं माय दुसऱ्यांदा जाऊ देणार नाही.

निवृत्त परिचारिका, आर्वी

जाल तेव्हा सुनेचं हिमोग्लोबिन किती आहे तेही विचारा. कार्ड दाखवायला सांगा, तोंडी सांगितलेलं धरू नका.