वॅलबीजचा २०२५ चा हंगाम आणि पर्थची अ‍ॅशेस कसोटी : हातात आलेले सामने का निसटले?

पर्थकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी गेली काही वर्षे पर्थमध्ये राहतो आणि क्रिकेटइतकीच रग्बीही मनापासून पाहतो. २२ नोव्हेंबर २०२५ च्या शनिवारी येथील मैदानावर अ‍ॅशेस मालिकेची पहिली कसोटी दुसऱ्याच दिवशी आटोपली. त्यानंतर काही तासांनी, आमच्याकडे रविवारची पहाट होत असताना, ऑस्ट्रेलियाचा रग्बी संघ, म्हणजेच वॅलबीज, पॅरिसमध्ये फ्रान्सकडून ४८-३३ असा हरला. एकाच देशाला बारा तासांच्या आत एवढा मोठा आनंद आणि एवढी मोठी निराशा मिळाल्यामुळे गेले काही दिवस मी या दोन्ही घटनांचा एकत्र विचार करत आहे.

रग्बीचा हिशेब आधी मांडतो. जुलैच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वॅलबीज पंधरा कसोटी सामने खेळले (रग्बीतही देशादेशांमधल्या सामन्याला कसोटीच म्हणतात), त्यांपैकी पाच जिंकले आणि दहा हरले. फिजीवर २१-१८, ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीत २२-१२, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर दक्षिण आफ्रिकेवर ३८-२२, टाउन्सव्हिलला अर्जेंटिनावर २८-२४ आणि टोकियोत जपानवर १९-१५, एवढेच विजय पदरी पडले. युरोपात मात्र इंग्लंड, इटली, आयर्लंड आणि फ्रान्स या चौघांनीही त्यांना हरवले. पर्थच्या ज्या मैदानावर परवाची कसोटी झाली, त्याच मैदानावर ४ ऑक्टोबरला न्यूझीलंडने २८-१४ असा विजय मिळवला होता. या दोन देशांत खेळला जाणारा ब्लेडिस्लो करंडक २००३ पासून न्यूझीलंडकडेच आहे आणि या वर्षीही तो परत आला नाही.

माझे निरीक्षण असे, की वॅलबीज आणि इंग्लंडचा क्रिकेट संघ या दोघांना एकाच दुखण्याने ग्रासले आहे. सामना हातात आल्यानंतर तो हातातच ठेवण्याची शिस्त त्यांच्याकडे नाही. मेलबर्नला लायन्सविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत ९०,३०७ प्रेक्षकांसमोर वॅलबीज २३-५ असे पुढे होते. शेवटच्या मिनिटाला ह्यूगो कीननने ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला, सामना २९-२६ असा गेला आणि त्याबरोबर मालिकाही गेली. पर्थला इंग्लंड दुसऱ्या डावात एक बाद ६५ वर होते, म्हणजे एकूण १०५ धावांनी पुढे होते, आणि उरलेले नऊ गडी त्यांनी ९९ धावांत गमावले. हे निदान आपल्याला पटते का? की मी दोन अगदी वेगळ्या गोष्टींना ओढूनताणून एकत्र बांधत आहे?

---

जुना फ्लँकर

पर्थकर, आपण प्रश्न तपशिलासह मांडलात याचे समाधान वाटले, कारण मराठीत रग्बीवर एवढ्या बारकाईने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. मी तरुणपणी मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी खेळलो आहे. यंदा जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे आपल्याकडेही थोडे कुतूहल जागे झाले, पण ते सात खेळाडूंचे रग्बी होते. पंधरा खेळाडूंच्या कसोटी रग्बीत ऐंशी मिनिटे अंगावर अंग घालून खेळावे लागते, आणि वॅलबीजच्या हंगामाचे उत्तर मला त्या झीजेत अधिक दिसते.

आघाडी राखता येत नाही, हे निदान मला अपुरे वाटते. याच संघाने एलिस पार्कवर ०-२२ अशा पिछाडीवरून सलग ३८ गुण मिळवले, आणि तेही विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, जिथे ऑस्ट्रेलियाला १९६३ नंतर एकदाही जिंकता आले नव्हते. टाउन्सव्हिलला वेळ संपल्यानंतर पेनल्टी मिळाली तेव्हा कर्णधार हॅरी विल्सनने बरोबरीचे तीन गुण नाकारले, चेंडू पुन्हा खेळात ठेवला आणि अँगस बेलच्या ट्रायवर सामना जिंकला. ज्या संघाचे मन शेवटच्या मिनिटात डळमळते, तो संघ असा निर्णय घेत नाही. धैर्याच्या बाबतीत मी या खेळाडूंना पूर्ण गुण देईन.

मग बिघडले कुठे? पहिली गोष्ट फ्लाय-हाफची, म्हणजे दहा क्रमांकाच्या जागेची. संघाचा खेळ कोणत्या दिशेने न्यायचा, चेंडू हातात ठेवायचा की लाथेने पुढे पाठवायचा, हे तो ठरवतो. फिजीविरुद्ध नोआ लोलेसिओ खेळला आणि जायबंदी झाला. लायन्ससमोर तरुण टॉम लायनाला उतरवावे लागले. दक्षिण आफ्रिकेत अनुभवी जेम्स ओ'कॉनरला परत बोलावले गेले, पुढे टेन एडमेडला संधी मिळाली, आणि इटलीविरुद्ध कार्टर गॉर्डन आला. एका हंगामात त्या जागेवर पाच जण आले, तर त्याच्यात आणि शेजारच्या खेळाडूंमध्ये जी न बोलता होणारी समजूत लागते ती जुळायची केव्हा?

दुसरी गोष्ट हवेतल्या चेंडूची. पूर्वी उंच मारलेला चेंडू झेलणाऱ्याच्या पुढे त्याचे सहकारी भिंतीसारखे धावत आणि प्रतिस्पर्ध्याची वाट अडवत. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून पंच ही आडकाठी कठोरपणे शिक्षापात्र ठरवू लागले, त्यामुळे उंच चेंडू म्हणजे आता दोघांसाठी खुली झुंज झाली आहे. इंग्लंड आणि आयर्लंडने आपला सारा डाव या बदलाभोवती रचला. वॅलबीजने मात्र त्याची तयारी फार उशिरा सुरू केली, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्लिनमध्ये आयर्लंडने ४६-१९ असा जो धुव्वा उडवला, त्यातला मोठा भाग जमिनीवर नव्हे तर हवेतच ठरला. प्रशिक्षक जो श्मिट यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण हा दोष त्यांच्याच पदरी टाकावा लागेल.

तिसरी गोष्ट राखीव फळीची. मेलबर्न रेबेल्स हा व्यावसायिक संघ २०२४ च्या हंगामानंतर बंद पडला आणि देशात वरच्या स्तरावरचे चारच संघ उरले. ऑस्ट्रेलियात उत्तम शरीरयष्टीचा मुलगा आधी रग्बी लीगकडे, म्हणजे तेरा खेळाडूंच्या वेगळ्या रग्बीकडे, किंवा ऑस्ट्रेलियन फुटबॉलकडे वळतो, आणि उरलेल्यांतले काही जण फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबांत जातात. वीस आठवड्यांत पंधरा कसोट्या खेळायच्या, तर पहिल्या पंधरांइतकेच भक्कम दुसरे पंधरा लागतात. मेलबर्नला विल स्केल्टन आणि रॉब व्हॅलेटिनी हे दोघे आघाडीच्या फळीत असताना लायन्स मागे रेटले जात होते. ते दोघे मैदानाबाहेर गेल्यावर चित्र पालटले. तेव्हा ती आघाडी शिस्तीअभावी गेली असे म्हणण्यापेक्षा, बाकावर तशा ताकदीचे खेळाडू नव्हते म्हणून गेली, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते.

---

मैदानप्रेमी, पुणे

रग्बीबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, त्यामुळे मी क्रिकेटपुरतेच लिहितो. पर्थकरांचे निदान इंग्लंडच्या बाबतीत मला शब्दशः पटते.

प्रथम खेळपट्टीचा मुद्दा बाजूला काढू या, कारण सामना दोन दिवसांत आणि अवघ्या ८४७ चेंडूंत संपला की सारे जण खेळपट्टीला दोष देऊन मोकळे होतात. पहिल्या दिवशी १९ गडी बाद झाले हे खरे आहे. इंग्लंड १७२ वर बाद झाले, त्यात मिचेल स्टार्कने ५८ धावांत ७ गडी घेतले, आणि दिवस संपताना ऑस्ट्रेलियाही ९ बाद १२३ वर होते, कारण बेन स्टोक्सने सहा षटकांत २३ धावा देऊन ५ जणांना परत पाठवले होते. पण दुसऱ्या दिवशी त्याच खेळपट्टीवर ट्रॅव्हिस हेडने ६९ चेंडूंत शतक केले, ८३ चेंडूंत १२३ धावा काढल्या, आणि २०५ धावांचे लक्ष्य ऑस्ट्रेलियाने २८.२ षटकांत दोनच गडी गमावून गाठले. सामनाधिकाऱ्यांनीही तिला ‘अतिशय चांगली’ असाच शेरा दिला आहे.

आपल्याला हे मैदान परके नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात भारत तिथे पहिल्या दिवशी १५० वर बाद झाला होता आणि त्या दिवशीही १७ गडी पडले होते. त्यानंतर आपल्या मुंबईकर यशस्वी जयस्वालने २९७ चेंडू खेळून १६१ धावा केल्या, भारताने दुसरा डाव ६ बाद ४८७ वर घोषित केला आणि सामना २९५ धावांनी जिंकला. नव्या चेंडूची धार ओसरू द्या आणि उसळी सवयीची होऊ द्या, म्हणजे धावा आपोआप येतील, हे त्या खेळीने वर्षभरापूर्वीच सगळ्यांना दाखवून दिले होते. इंग्लंडच्या ड्रेसिंग रूममध्ये त्या डावाची चित्रफीत कोणी बारकाईने पाहिली असती, तर त्यांचे भले झाले असते.

त्याऐवजी काय झाले? धावसंख्या ७६ असताना सहा चेंडूंत ऑली पोप, हॅरी ब्रूक आणि जो रूट तिघेही गेले, आणि तिघेही ड्राइव्हच्या मोहात. उसळत्या खेळपट्टीवर चेंडू वर येत असताना समोर बॅट फेकली, की तो कड घेऊन स्लिपमध्ये जातो किंवा आतली कड घेऊन यष्ट्यांवर येतो. हे मुंबईतल्या कोणत्याही मैदानावरचा प्रशिक्षक चौदा वर्षांच्या मुलाला सांगतो. स्कॉट बोलंडला पहिल्या डावात एकही बळी मिळाला नव्हता. त्याने दुसऱ्या डावात टप्पा किंचित मागे खेचला आणि ३३ धावांत ४ गडी घेतले. गोलंदाजाने एका रात्रीत स्वतःला सुधारले, फलंदाजांनी मात्र सुधारणा करणे म्हणजे घाबरणे असे मानले. इंग्लंडच्या या सदैव आक्रमणाच्या पंथाबद्दल मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. आक्रमकतेला माझा विरोध नाही. हेडचा डावही आक्रमकच होता, पण उस्मान ख्वाजाची पाठ दुखत असल्याने सलामीला कोण जाणार असा प्रश्न आला तेव्हा तो पुढे झाला, आणि आखूड चेंडूंसाठी दूरवर पांगलेले क्षेत्ररक्षण पाहून त्याने कुठे मारायचे ते ठरवले. समोरची परिस्थिती वाचून केलेला हल्ला आणि सवयीने केलेला हल्ला यांत फरक असतो.

पूर्वतयारीबद्दलही एक वाक्य लिहायला हवे. मालिकेपूर्वी इंग्लंडने आपल्याच दुय्यम संघाशी लिलॅक हिलच्या मैदानावर एक सराव सामना खेळला, आणि पर्थ स्टेडियमची उसळी त्यांनी पहिल्यांदा अनुभवली ती थेट कसोटीत.

---

पर्थकर

दोघांचेही आभार. जुना फ्लँकर यांनी मेलबर्नच्या सामन्याबद्दल जे लिहिले, त्यावर मी आज पुन्हा ते चित्रण पाहिले, आणि माझे मत मला दुरुस्त करावे लागेल. व्हॅलेटिनी मध्यंतरानंतर मैदानावर आलाच नाही, हे मी उत्साहाच्या भरात विसरून गेलो होतो. एलिस पार्कचा विजयही माझ्या मांडणीत बसत नाही, हे मान्य.

तरीही एक शंका उरते. सिडनीत अर्जेंटिनाविरुद्धचा सामना २८-२६ असा गेला आणि उदिनेत इटलीविरुद्धचा २६-१९ असा. हे दोन्ही सामने दमछाकीच्या खात्यात टाकता येतील का? गेल्या वर्षी याच श्मिट यांच्या संघाने ट्विकनहॅमवर इंग्लंडला ४२-३७ असे हरवले होते. यंदा तिथेच ७-२५ असा पराभव झाला. एका वर्षात एवढी घसरण व्हावी, हे मला अजूनही समजत नाही.

---

लंडनस्थित मराठी

मी १ नोव्हेंबरचा तो सामना ट्विकनहॅमवर बसून पाहिला, म्हणून उत्तर देतो. मध्यंतराला १०-७ असे केवळ तीन गुणांचे अंतर होते, आणि हॅरी पॉटरने जवळजवळ संपूर्ण मैदान धावून केलेल्या ट्रायनंतर आमच्या आजूबाजूचे इंग्लिश प्रेक्षक गप्प झाले होते. उत्तरार्धात इंग्लंडने बाकावरचे ताजे आणि अनुभवी खेळाडू एकामागून एक आणले, आणि शेवटच्या अर्ध्या तासात वॅलबीजना मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागातून बाहेर पडणेही कठीण झाले. त्याच पद्धतीने दोन आठवड्यांनी इंग्लंडने न्यूझीलंडलाही ३३-१९ असे नमवले. तेव्हा वॅलबीजची घसरण जेवढी आहे, तेवढीच इंग्लंडची चढणही आहे. २०२४ मधल्या इंग्लंडशी तुलना करून यंदाच्या वॅलबीजना तोलणे बरोबर होणार नाही.

इटलीचा पराभव मात्र मी दमछाकीच्या खात्यात टाकणार नाही. २०२२ मध्येही इटलीने त्यांना फ्लॉरेन्सला २८-२७ असे हरवले होते. त्या संघाला अजूनही हलके लेखले जाते, आणि उदिनेचा निकाल मला त्याचेच फळ वाटतो.

---

जुना फ्लँकर

लंडनच्या मित्रांनी इटलीबद्दल लिहिलेले मला मान्य आहे. सिडनीच्या सामन्याबद्दल एवढेच सांगतो, की तिथे पहिल्या तासाभरात वॅलबीजनी स्वतःच्या चुकांनी चेंडू गमावला आणि शेवटी धडपड करून दोन गुणांपर्यंत आले. हेही आघाडी गमावण्याचे उदाहरण नव्हे.

आता विश्वचषकाचा विचार करा. तो २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे आणि १ ऑक्टोबरला त्याची सुरुवात पर्थकरांच्याच मैदानावर होणार आहे. ३ डिसेंबर २०२५ ला त्याच्या गटांची सोडत निघेल, तेव्हा वॅलबीज पहिल्या सहा मानांकित संघांत नसतील, म्हणजे यजमान असूनही साखळीतच एखाद्या बलाढ्य संघाशी गाठ पडणार. २०२६ च्या मध्यावर श्मिट यांच्याकडून लेस किस प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतील. त्यांनी पहिल्याच मालिकेत एक फ्लाय-हाफ निवडावा आणि दोन-तीन पराभव झाले तरी त्याला बदलू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

---

मैदानप्रेमी, पुणे

आणि इंग्लंडकडून माझी अपेक्षा ब्रिस्बेनसाठी. ४ डिसेंबर २०२५ पासून तिथे गुलाबी चेंडूने प्रकाशझोतातली कसोटी आहे. याच चेंडूने स्टार्कने जुलैमध्ये किंग्स्टनला ९ धावांत ६ गडी घेतले होते आणि वेस्ट इंडिजचा डाव २७ धावांत संपला होता. संधिप्रकाशाच्या त्या तासाभरात रूट आणि ब्रूक यांनी समोरचा ड्राइव्ह म्यानात ठेवला, तर जानेवारी २०११ पासून पर्थच्या या कसोटीपर्यंत ऑस्ट्रेलियात एकही कसोटी न जिंकलेल्या या संघाला अजूनही संधी आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.