लेसिक की पीआरके? कॉर्निया ५०५, दोन डॉक्टरांची दोन मतं

काजवा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, समजून घ्या. वय २७, चष्मा अगदी चौथीपासूनचा. सध्या उजव्या डोळ्याचा नंबर -६ आणि सिलिंड्रिकल -१, डाव्याचा -५.५ आणि सिलिंड्रिकल -०.७५. गेली दोन वर्षं नंबर जागचा हललेला नाही. चष्मा काढला की समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, बाहेर जाताना लेन्स घालते पण संध्याकाळ झाली की डोळे लाल होतात आणि चुरचुरायला लागतात. त्यामुळे एकदाचं लेसर करून टाकू असं मनाने घेतलंय.

तर दोन ठिकाणी दाखवलं. पहिले डॉक्टर म्हणाले कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, जाडी ५०५ मायक्रॉन आहे, लेसिक (वरचा पातळ थर उचलून खाली लेसर मारतात ते) आरामात होईल, म्हणाल तर पुढच्याच आठवड्यात करू. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या जाडी काठावर आहे, मी लेसिक करणार नाही, पीआरके (थर न उचलता लेसर) नाहीतर आयसीएलचा (डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा) विचार करा आणि घाई करू नका. दोघंही अनुभवी आहेत, मग एकच डोळा एकाला चालतो आणि दुसऱ्याला का चालत नाही हेच कळत नाहीये. घरी आई म्हणते डोळ्यांशी खेळ नको. मला ऑपरेशनची भीती नाहीये, दहा वर्षांनी काही निघालं तर काय ही भीती आहे. ज्यांनी केलंय आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज मनापासून सांगा.

पिंपळपान:
मी लेसिक केलंय त्याला बरीच वर्षं झाली, नंबर तुझ्यापेक्षा बराच कमी होता. ऑपरेशनचं म्हणशील तर सुन्न करायचे थेंब घालतात, पापणी मिटू नये म्हणून क्लिप लावतात, मग एक रिंग डोळ्यावर दाबून बसवतात तेव्हा चांगलाच दाब जाणवतो आणि काही सेकंद सगळं अंधारून येतं. हे मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर दचकलेच असते. वरचा पातळ थर उचलला की समोरचा दिवा एकदम धूसर होतो, मग लेसरचा टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. आपल्याला फक्त त्या दिव्याकडे बघत राहायचं असतं, आणि नजर जरा इकडेतिकडे झाली तरी मशीन डोळ्याचा माग ठेवतं, फारच हलली तर लेसर आपोआप थांबतो. शेवटी थर जागेवर ठेवून ओल्या ब्रशने सारखा करतात, तो ब्रश फिरताना दिसतो पण लागत अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरूनच घड्याळाचा सेकंदकाटा दिसला, तो आनंद खरंच शब्दात सांगता येत नाही. पण एक गोष्ट आधी नीट समजून घे, मला नंतर डोळे कोरडे पडायचा त्रास झाला, एसीत बसलं की वाळू गेल्यासारखं टोचायचं, कृत्रिम अश्रूंचे थेंब कायम पर्समध्ये. हळूहळू कमी झालं. तुझे डोळे लेन्सनी आत्ताच लाल होतात म्हणतेस तर कोरडेपणाची टेस्ट केली का तुझी?

रानपाखरू:
+१ कोरडेपणाबद्दल. आणि रात्री गाडी चालवत असशील तर समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसतात ते पण विचारून घे, अंधारात बाहुली खूप मोठी होत असेल तर जास्त दिसतात. बहुतेकांचं काही महिन्यात कमी होतं पण काहींचं राहतं.

चौकट:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, डॉक्टर नाही, त्यामुळे हे करा ते करा असं सांगणार नाही. पण दोन डॉक्टरांची दोन मतं का आली ते आकड्यांत दाखवता येईल, आणि तुमच्या केसमध्ये सगळी मेख तिथेच आहे.

कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉनचा असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. तुमचा ५०५ आहे, पातळ आहे पण वेगळा काढावा इतकाही नाही. मायनस नंबर घालवायचा म्हणजे लेसरने मधला भाग थोडा सपाट करायचा, आणि त्यासाठी दर एका नंबरमागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन जातात, किती रुंद भागावर लेसर मारायचा त्यावर कमीजास्त होतं. उजव्या डोळ्याचे -६ आणि -१ मिळून ७ धरू, म्हणजे ९८ मायक्रॉन गेले. लेसिकमध्ये त्याआधी जो थर उचलतात, फ्लॅप म्हणतात त्याला, तो साधारण ११० चा. हा फ्लॅप परत ठेवला तरी डोळ्याला मजबुती देण्यात तो पुन्हा पहिल्यासारखा भाग घेत नाही, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. म्हणजे ५०५ वजा ११० वजा ९८, खाली उरले २९७.

आता जुना नियम असा की खाली किमान २५० उरले पाहिजेत. त्या नियमाने तुम्ही पास, पहिल्या डॉक्टरांनी बहुधा हेच बघितलं. पण बरेच सर्जन आता ३०० धरतात, तिथे तुम्ही थोडक्यात हुकता. आणि अजून एक हिशोब असतो, एकूण जाडीतला किती टक्के भाग आपण हलवतोय त्याचा. ११० अधिक ९८ म्हणजे २०८, भागिले ५०५, ४१ टक्के. ४० च्या वर गेलं की कॉर्निया पुढे कमकुवत होऊन फुगायचा धोका वाढतो असं मानतात, त्याला एक्टेशिया म्हणतात. क्वचित होतो पण झाला तर चष्म्यानेही नजर सुधारत नाही, म्हणून सगळे याला घाबरतात आणि घाबरलंच पाहिजे. दुसऱ्या डॉक्टर हाच हिशोब बघत असाव्यात.

पीआरकेत फ्लॅपच नसतो. वरची साधारण ५० मायक्रॉनची नाजूक त्वचा काढतात, ती परत उगवते, लेसर थेट तिच्या खाली. म्हणजे ५०५ वजा ५० वजा ९८, खाली ३५७. त्याच डोळ्यात लेसिकपेक्षा ६० मायक्रॉन जास्त शिल्लक राहतात, तुमच्यासारख्या काठावरच्या केसमध्ये हे ६० फार मोलाचे.

पण हे सगळं कॉर्नियाचा आकार निरोगी असेल तरच. मला सांगा, टोपोग्राफीचे म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचे ते रंगीत नकाशे आहेत ना, दोन्हीकडचे मिळाले का? आणि तपासणीच्या आधी लेन्स किती दिवस बंद ठेवल्या होत्या?

काजवा:
चौकट, किती नीट समजावलंत, खूप खूप धन्यवाद! दोन्हीकडे तासभर बसले पण हा हिशोब कुणीच मांडून दाखवला नव्हता. दोन्ही रिपोर्ट आहेत माझ्याकडे. पहिल्या ठिकाणी ५०५ आणि दुसऱ्या ठिकाणी ४९६ आलंय, आणि पहिल्या रिपोर्टमध्ये खालच्या बाजूला जरा केशरी डाग दिसतोय तो दुसऱ्यात फिकट आहे. लेन्सचं म्हणाल तर पहिल्या ठिकाणी कुणी काही सांगितलंच नव्हतं, लेन्स घालूनच गेले आणि तिथे काढून लगेच मशीनवर बसवलं. दुसऱ्या ठिकाणी दोन दिवस बंद ठेवायला सांगितल्या होत्या. लेन्स टोरिक आहेत, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरच्या.

पिंपळपान, कोरडेपणाची टेस्ट नाही केली कुणी.

चौकट:
मग आत्ता हे दोन्ही रिपोर्ट बाजूला ठेवा, खरंच. लेन्स रोज कॉर्नियावर बसून त्याचा आकार थोडासा बदलते, काढल्यावर तो पूर्ववत व्हायला वेळ लागतो. साध्या सॉफ्ट लेन्स असतील तर २ आठवडे, टोरिक किंवा आरजीपी (हवा जाऊ देणाऱ्या कडक लेन्स) असतील तर निदान ३ आठवडे बंद ठेवून मगच मोजायचं असतं. तो खालचा केशरी डाग म्हणजे तिथे कॉर्नियाचा उतार जास्त आहे, आता तो लेन्समुळे आलेला असेल तर आपोआप जाईल, आणि खरंच कॉर्नियाचा असेल तर सुरुवातीच्या केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो त्या आजाराची, शंका घ्यायला लागेल. मग लेसिक तर नाहीच, पीआरकेचाही विचार वेगळ्याच पद्धतीने करावा लागतो. लेन्स काढून लगेच काढलेल्या नकाशावरून पुढच्या आठवड्याची तारीख देणं मला पटत नाही, मी स्पष्टच लिहितो.

म्हणजे तीन आठवडे चष्मा वापरा, मग एकाच मशीनवर पुन्हा करा, जमलं तर काही महिन्यांनी अजून एकदा करून दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवा. नंबरही तेव्हाच पुन्हा काढायचा. घरात कुणाला केराटोकोनस आहे का आणि तुम्हाला डोळे चोळायची सवय आहे का हेही डॉक्टरांना सांगा.

उंबरठा:
काजवाताई, चौकट म्हणतायत ते अगदी मनावर घ्या. माझ्या धाकट्या भावाचं असंच होतं, दोन ठिकाणी हो म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी मॅडमनी नकाशा बघून थांबवलं आणि केराटोकोनस निघाला. त्याला लहानपणापासून ॲलर्जी, सारखे डोळे चोळायचा. ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो. पुढे क्रॉसलिंकिंग केलं, रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाश देतात, त्याने कॉर्निया कडक होतो आणि आजार पुढे सरकायचा थांबतो. नंबर जात नाही त्याने, पण त्याची नजर आहे तिथे टिकलीये आणि स्पेशल लेन्स लावून सगळी कामं करतो. ज्या डॉक्टर नाही म्हणतात त्यांच्यावर चिडू नका.

वाटसरू७:
माझं पीआरके झालंय, याच कारणासाठी, कॉर्निया पातळ होता. पहिले तीन चार दिवस कठीण आहेत हे आधीच लिहून ठेवतो कारण लोक लेसिकचं ऐकून जातात आणि मग घाबरतात. वरची त्वचा नसते ना, वर फक्त बँडेज लेन्स. उजेड सहन होत नाही, पडदे लावून गॉगल घालून पडून राहायचं, मोबाइलच्या ब्राइटनेसनेही पाणी यायचं. पाचव्या दिवसाच्या आसपास लेन्स काढली तेव्हा दुखणं संपलं होतं पण दिसायला धुरकटच होतं, चांगलं स्वच्छ दिसायला काही आठवडे गेले. आज विचाराल तर मी खूप समाधानी आहे, शिवाय फ्लॅप नाही म्हणजे डोळ्यावर मार बसून तो सरकायची भीतीही नाही. नंतर काही महिने उन्हात गॉगल मात्र न चुकता घाला, आणि स्टेरॉइडचे थेंब देतात ते स्वतःच्या मनाने वाढवू नका की बंद करू नका, त्याने काहींचं डोळ्यातलं प्रेशर वाढतं म्हणून मधे मधे तपासायला बोलावतात.

रानपाखरू:
स्माइल नावाचं लेसर ऑपरेशन असतं ते पण विचार ना, त्यात फ्लॅप नसतो म्हणे.

चौकट:
हो, स्माइलमध्ये फ्लॅप नसतो, आतल्या आत एक चकती कापून २ ते ४ मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात, नसा कमी कापल्या जातात म्हणून कोरडेपणा लेसिकपेक्षा कमी होतो. पण टिश्यू तेवढाच जातो, उलट थोडा जास्तच. त्यामुळे पातळ कॉर्नियावर तो सरसकट तोडगा नाही. आयसीएलमध्ये कॉर्नियाला जवळजवळ हात लागत नाही, बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे एक लेन्स सरकवतात आणि गरज पडली तर काढताही येते. मात्र ते डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, आत पुरेशी जागा आहे का आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी किती आहेत ते मोजावं लागतं आणि पुढे दर वर्षी तपासणी करावी लागते.

शांतनदी:
सगळ्यांनी कॉर्नियाचं लिहिलं, मी डोळ्याच्या मागच्या पडद्याचं लिहिते. माझा नंबर -८ होता, लेसर झालं, चष्मा गेला, आणि आता डोळे नॉर्मल झाले असंच घरात सगळ्यांनी धरलं. तसं होत नाही गं. मोठा मायनस नंबर म्हणजे डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, आणि लेसर फक्त पुढच्या काचेवर काम करतं, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा आधी तपासून घ्यायचा, कुठे पातळ जागा किंवा भोक असेल तर त्यावर आधी उपचार, आणि नंतरही वर्षाला एकदा दाखवायचंच. एकदम काळे ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखं झालं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर, चष्मा नसला तरी.

अजून एक, ऑपरेशनच्या आधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं जन्मभर जपून ठेव, फोटो काढून दोन ठिकाणी ठेव. म्हातारपणी मोतीबिंदू झाला की आतल्या लेन्सचा नंबर काढताना तीच मापं लागतात. काचबिंदूच्या तपासणीतही लेसर झालंय हे सांगायचं कारण कॉर्निया पातळ झाल्याने प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

पिंपळपान:
आणि चाळिशी! माझी आली आता, वाचायला चष्मा लागला. लेसरने ती टळत नाही कारण ती आतल्या भिंगाची ताठरता आहे, कुणी फसवलं असं वाटून घ्यायचं नाही. तुला अजून बराच वेळ आहे पण आईला हेही सांगून ठेव.

काजवा:
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी. पहिल्या ठिकाणची तारीख आजच फोन करून रद्द केली. लेन्स बंद, चष्मा चालू. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडेच पुन्हा नकाशे काढते, तेव्हाच कोरडेपणाची टेस्ट आणि पडदा पण करून घेते. डोळे चोळायची सवय आहे मला, तीही त्यांना सांगेन. केशरी डाग गेला तर पीआरके, नाही गेला तर चष्म्यावर राहीन पण घाई करणार नाही. चौकट, नवीन रिपोर्ट आले की आकडे इथेच टाकते, बघाल ना?

चौकट:
नक्की टाका. दोन्ही डोळ्यांचे नकाशे, पुढचा आणि मागचा दोन्ही पृष्ठभागांचे, मागच्या बाजूचा नकाशा लोक द्यायचा विसरतात आणि सुरुवातीची गडबड बऱ्याचदा तिथेच आधी दिसते. नाव आणि फोन नंबर झाकून टाका. आणि पडद्याची तपासणी ज्या दिवशी असेल त्या दिवशी सोबत कुणाला तरी न्या, थेंबांनंतर काही तास जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, स्वतः गाडी चालवत येऊ नका.