आवाज येतो, चित्र नाही. सर्व्हिसवाला म्हणतो पॅनेल गेलं

ओझरकर

४३ इंची स्मार्ट टीव्ही, नाशिकच्या एका शोरूममधून २७,९९० ला घेतला, त्याला १६ महिने झाले. कंपनीची वॉरंटी १ वर्षाची. शोरूमने वर २ वर्षांचा एक्स्टेंडेड वॉरंटी प्लॅन दिला, त्याचे २,४९९ वेगळे.

सुरू केला की लोगो क्षणभर दिसतो, मग स्क्रीन काळी. आवाज व्यवस्थित, रिमोट चालतो, चॅनेल बदलतात. त्याआधी आठवडाभर चित्र पाच-दहा मिनिटं टिकायचं. स्क्रीनवर तडा नाही, ओरखडा नाही. कंपनीच्या माणसाने मागचं झाकण न उघडताच "पॅनेल गेलं" म्हणून १९,५०० अधिक जीएसटी असं तोंडी एस्टिमेट दिलं, व्हिजिटचे ५९० घेतले आणि निघताना मोबाइलवर आलेला कोड मागितला. तो दिलेला नाही. शोरूमचं म्हणणं, "प्लॅनमध्ये पॅनेल बसत नाही."

खरंच पॅनेल असेल का? आणि शोरूमशी बोलायचं कसं?

बेंचवरचा

लक्षणं बॅकलाइट (काचेमागचा दिवा) गेल्याची आहेत. खात्री दोन मिनिटांत होते, काही उघडायला नको. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही सुरू करून मेनूचं बटण दाबा. मोबाइलचा टॉर्च स्क्रीनपासून दोन-तीन बोटांवर तिरका धरून सावकाश फिरवा. टॉर्चच्या उजेडात मेनूची अक्षरं पुसट, सावलीसारखी दिसली तर काच, टीकॉन बोर्ड (काचेवर चित्र उमटवणारं सर्किट), मेन बोर्ड सगळं शाबूत आहे, फक्त मागचा दिवा लागत नाही. काहीच दिसलं नाही तर मागच्या जाळीतून आत डोकावा. आत उजेड असेल आणि स्क्रीन काळी, तर टीकॉन, त्याच्यावरचा १२ व्होल्टचा फ्यूज किंवा मेन बोर्डाकडून येणारी रिबन केबल तपासायची.

आता तुमच्या टीव्हीत काय झालं असावं ते सांगतो. काचेमागे अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एलईडी असतात. उदाहरणार्थ ३ पट्ट्या, प्रत्येकीवर ८ एलईडी, एकेक ३ व्होल्टचा. सगळे एकापाठोपाठ, सिरीजमध्ये. म्हणजे २४ एलईडींना मिळून ७२ व्होल्ट. (मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, काही पट्ट्यांवर ६ व्होल्टचे एलईडी असतात.) यातल्या एकाचा जरी जोड तुटला (ओपन झाला) तरी अख्खी माळ विझते, दिवाळीच्या जुन्या तोरणासारखी. ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारं सर्किट, सुरुवातीला व्होल्टेज देतो, करंट वाहत नाही म्हणून व्होल्टेज चढत जातं आणि प्रोटेक्शन सगळं बंद करतं. लोगो क्षणभर दिसून स्क्रीन काळी होते ती यामुळे. आधी पाच-दहा मिनिटं चित्र टिकायचं, तेव्हा एलईडीचा जोड गरम झाल्यावर सुटत होता. आता कायमचा सुटला.

इतक्या लवकर जायचं मुख्य कारण उष्णता. शोरूममध्ये उठून दिसावा म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर, बॅकलाइट १०० वर ठेवतात, आणि घरी आल्यावर ते सेटिंग कोणी बदलत नाही. त्यात टीव्ही भिंतीला चिकटवून लावलेला असला की मागची हवा कोंडते.

दुरुस्ती म्हणजे पूर्ण संच बदलणे. एकच एलईडी बदलू देऊ नका, बाकीचे २३ त्याच वयाचे आहेत. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उघडावा लागतो, आणि यात उघडणं हेच जोखमीचं काम आहे. काच जेमतेम दीड मिलिमीटरची. खालच्या कडेला तिला केशरी, फिल्मसारखे नाजूक टॅब चिकटवलेले असतात, त्यांच्यावरच चिप असते. व्हॅक्यूम कप लावून दोघांनी काच सपाट उचलायची. एका कोपऱ्याने दोन सेंटिमीटर जास्त वर नेली तरी टॅब फाटतो आणि स्क्रीनवर उभ्या रेघा येतात. त्या रेघांना मग साध्या दुकानात इलाज नाही, टॅब बाँडिंगचं मशीन लागतं. खाली डिफ्यूजर (उजेड सारखा पसरवणारा थर) आणि दोन-तीन शीट असतात. त्यांचा क्रम बदलला, बोटाचा ठसा उमटला किंवा धूळ अडकली की पांढऱ्या चित्रावर डाग कायमचा.

आणि स्वतः झाकण उघडू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो.

काउंटरमागून

वरचं सगळं बरोबर, पण त्यावरून कंपनीच्या माणसाशी "पॅनेल नाही, बॅकलाइट आहे" असा वाद घालू नका. त्यात तुमचंच नुकसान आहे.

तो खोटं बोलत नाहीये. बऱ्याच कंपन्यांच्या स्पेअरच्या यादीत बॅकलाइटची पट्टी सुटी नसतेच. काच, शीट, पट्ट्या मिळून एकच पार्ट नंबर असतो आणि त्याचं नाव 'पॅनेल'. फील्डवरच्या माणसाला पॅनेल खोलायची परवानगी नसते. म्हणून एस्टिमेट थेट १९,५००.

आता याच शब्दाचा उपयोग करून घ्या. वॉरंटी कार्ड काढा. काही कंपन्या पूर्ण टीव्हीला १ वर्ष आणि पॅनेलला आणखी १ वर्ष देतात. तुमचे १६ महिने झालेत, म्हणजे तसं असेल तर पॅनेल मोफत बसतं, फार तर लेबरचे पैसे पडतील. कार्ड सापडत नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून अटी बघा. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात, टीव्ही भिंतीवर लावल्याच्या तारखेपासून नाही.

ते नसेल तर प्लॅन. शोरूमच्या काउंटरवर "पॅनेल बसत नाही" हे पाठ केलेलं उत्तर असतं. प्लॅनचा कागद मागून वगळलेल्या गोष्टींचा परिच्छेद वाचा. तिथे बहुतेक 'पॅनेलची फिजिकल मोडतोड' असं असतं, म्हणजे फुटणं, दाब येणं, पाणी जाणं. आपोआप बंद पडणं हा वेगळा प्रकार, प्लॅन विकतात तेच त्यासाठी. शिवाय प्लॅन चालवणारी कंपनी बऱ्याचदा शोरूमहून वेगळी असते. क्लेम त्या कंपनीच्या नंबरवर नोंदवा आणि क्लेम नंबर घ्या. शोरूमला फोन केला म्हणजे क्लेम झाला असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जॉबशीट, सर्व्हिसवाला व्हिजिटची नोंद करतो तो. तुमच्याकडे एस्टिमेट तोंडी आहे, त्याला किंमत शून्य. पुन्हा व्हिजिट मागवा आणि जॉबशीटवर हे उतरवून घ्या: मॉडेल, सीरियल नंबर (टीव्हीच्या मागचा आणि बिलावरचा जुळवून), "आवाज आहे, चित्र नाही, स्क्रीनवर तडा किंवा डाग नाही", पार्ट नंबर, किंमत, जीएसटी वेगळा. कुठेही 'फिजिकल डॅमेज' किंवा 'कस्टमर इंड्यूस्ड' (ग्राहकामुळे झालेलं) लिहिलेलं दिसलं तर सही करू नका. छापील खुणांच्या रकान्यात हे शब्द बारीक असतात आणि घाईत बरोबरची खूण पडते. सही करण्याआधी फोटो काढा. स्क्रीनचे समोरून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो त्याच दिवशीचे हवेत. टीव्ही उचलून नेताना तडा गेला तर हेच फोटो उपयोगी पडतात.

कोड दिला नाहीत ते उत्तम केलंत. काही ठिकाणी त्याला 'हॅपी कोड' म्हणतात, नाव झकास आहे. तो दिला की सिस्टीममध्ये तक्रार 'निवारण झाले' म्हणून बंद होते आणि पुढचा फोन नवी तक्रार म्हणून पहिल्यापासून. काम पूर्ण झाल्यावरच द्या. ५९० म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. त्याची पावती घ्या आणि दुरुस्ती झाली तर ते बिलात वळते होतात का, विचारा.

कलम ३५

शोरूम आणि प्लॅनवाले दोघंही हात झटकायला लागले तर क्रम असा ठेवा.

आधी लेखी ईमेल: शोरूम, प्लॅनची कंपनी आणि टीव्हीची कंपनी तिघांना एकाच मेलमध्ये. बिल, प्लॅनचं सर्टिफिकेट, जॉबशीट, फोटो जोडा, आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात: "प्लॅनखाली मोफत दुरुस्ती किंवा नाकारण्याचं कारण प्लॅनच्या अटीच्या क्रमांकासह लेखी द्या." मुदत १५ दिवस. अटीचा क्रमांक मागितला की तोंडी उत्तरं निम्म्यावर येतात.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. हे न्यायालय नव्हे, ते कंपनीकडे तक्रार पाठवून पाठपुरावा करतात. आदेश देता येत नाही, पण २८ हजारांच्या टीव्हीसाठी आधी हाच रस्ता धरावा. इथे तक्रार केली म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरगावला असलं तरी. वस्तूसाठी मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ऑनलाइन दाखल करायला १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. निकाल ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्या मुदतीवर विसंबून राहू नका.

दोन्ही विरुद्ध पक्ष करा, शोरूमही आणि प्लॅनची कंपनीही. पैसे कोणी घेतले ते बिलावरून दाखवता येतं.

साधाप्रश्न

एवढा खटाटोप कशाला? गल्लीतला मेकॅनिक दोन-अडीच हजारांत पट्ट्या बदलून देईल. क्लेम, ईमेल, आयोग यात महिना जाईल.

बेंचवरचा

देईल, आणि चांगला असेल तर टीव्ही पुढे वर्षानुवर्षं चालेलही. पण बाहेर एकदा उघडला की सील तुटतं आणि प्लॅन तिथेच संपतो. २० महिन्यांचा प्लॅन शिल्लक असताना तो आधी वाजवून बघावा. क्लेम लेखी नाकारला तर मग बाहेर.

बाहेर देताना तीन गोष्टी आधी ठरवा. काच फुटली किंवा रेघ आली तर भरपाई कोणाची, हे पावतीवर लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तो माणूस बदला. पट्ट्या मॉडेल नंबरावर नाही, जुन्या पट्टीवरचा छापील कोड जुळवून घ्यायला सांगा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या पट्ट्या येतात, लांबी तीच पण एलईडी ३ ऐवजी ६ व्होल्टचे. पुण्याला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कोड दाखवला की मिळतात. तिसरं, ड्रायव्हरजवळच्या सेन्सिंग (करंट मोजणाऱ्या) रेझिस्टरांपैकी एक काढून करंट २०-३० टक्के कमी करून देतो का विचारा. उजेड थोडा उतरतो, डोळ्याला फारसा कळत नाही, पट्ट्या थंड राहतात. अर्ध्यावर आणणारेही भेटतात, तेवढं नको, चित्र मळकट दिसतं.

ओझरकर

टॉर्च लावून बघितलं. मेनू पुसट दिसतोय, अक्षरं वाचता येतात. वॉरंटी कार्डावर "पॅनेल: १ + १ वर्ष" असंच छापलंय! शोरूमने किंवा त्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. नवी व्हिजिट परवा आहे.

काउंटरमागून

मग प्लॅनचं नाव सध्या काढूच नका. कार्डाचा फोटो आणि बिल तक्रार नंबराखाली आजच पाठवा, म्हणजे येणारा माणूस पॅनेल ऑर्डर करायच्या तयारीने येईल. जॉबशीटवर 'पॅनेल सदोष' आणि 'इन वॉरंटी' दोन्ही लिहून घ्या. लेबर लावणार असतील तर आकडा आधी.

टीव्ही वर्कशॉपला नेणार असतील तर मूळ खोक्यात, थर्माकोलसह, उभाच न्यायला सांगा. आडवा टाकला की काच स्वतःच्या वजनाने लवते. स्टँडचे स्क्रू आणि रिमोट घरी ठेवा. परत आल्यावर कोड देण्याआधी पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून बघा. यूट्यूबवर 'व्हाइट स्क्रीन' शोधलं की मिळतं. पांढऱ्यावर डाग आणि कोपऱ्यातला अंधार दिसतो, काळ्यावर कडेने झिरपणारा उजेड. मग तासभर चालवा. नव्या पॅनेलचा सीरियल नंबर जॉबशीटवर आला का तेही बघा, आणि त्या पार्टला वेगळी वॉरंटी किती, ते तिथेच लिहून घ्या.

बेंचवरचा

आणि नवं बसलं की त्याच दिवशी व्हिव्हिड काढून 'स्टँडर्ड', बॅकलाइट ५०-६०. 'ब्राइटनेस' नावाचं सेटिंग बऱ्याच टीव्हीत वेगळं असतं, ते कमी केलं की गडद भागातले बारकावे बुडतात, बॅकलाइट कमी होत नाही. 'बॅकलाइट' हाच शब्द शोधा.