मदत हवी आहे: बाबांच्या गोळ्या संपत आल्यात (इंग्लंड, २७ मार्च २०२०)

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर साताऱ्याहून आलेत. परतीचं तिकीट ३० मार्चचं होतं. कोरोनामुळे २२ तारखेपासून भारताने बाहेरून येणारी विमानं बंद केली, २३ला रात्री इथे लॉकडाऊन लागला, आणि आता तिकडची बंदी १४ एप्रिलपर्यंत वाढवलीय. व्हिसाचं निभावेल, इथल्या सरकारने ३१ मेपर्यंत मुदतवाढ जाहीर केलीय.

खरी काळजी गोळ्यांची. बाबांना बीपी आहे, टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी. आज मोजल्या तर अकरा उरल्यात. आमच्या सर्जरीत (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात) फोन केला. चाळीस मिनिटं ताटकळल्यावर 'सध्या नवीन पेशंट घेत नाही' म्हणाले. केमिस्ट म्हणतो साताऱ्याची चिठ्ठी चालणार नाही, इथल्या डॉक्टरचीच हवी. बाबांनी परस्पर उपाय काढलाय, एक दिवसाआड घेतो म्हणे! त्यावरून काल घरात चांगलंच वाजलं.

पाहुण्यांची टेम्पररी पेशंट म्हणून नोंदणी फोनवर कुणी करून घेतलीय का? की सरळ खाजगी डॉक्टरला व्हिडिओवर दाखवावं? साधारण किती पाउंड पडतात?

आणि जाता जाता, रेडिंगच्या आसपास कणीक कुठे मिळतेय का? तीन दुकानं पालथी घातली, फळ्या रिकाम्या. डब्यात चार दिवसांचीच आहे. आईचा मूड मात्र उत्तम. काल रात्री आठला डॉक्टर-नर्सेसचे आभार म्हणून सगळे दारात टाळ्या वाजवत होते, तर ही स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन बाहेर! शेजारचे आजोबा बघतच राहिले.

गोळ्यांचं कुणाला माहीत असेल तर प्लीज आजच कळवा.