टाकीतल्या स्पिरुलिनाला ‘तपासणी नको’ म्हणणाऱ्यांसाठी

खारपाणी
काल इथे एक पोस्ट आली: ‘टाकीचा पीएच १०, त्यात कुठलाच जंतू जगत नाही. घरच्या स्पिरुलिनाला लॅब कशाला? थेट खा, मुलांनाही द्या.’ हे वाचून कुणी खरंच मुलांना या निळ्या-हिरव्या शेवाळाची पावडर देईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पीएच १० असतो तो टाकीतल्या, खायचा सोडा घातलेल्या पाण्याचा. गाळून, धुऊन, दाबून काढलेल्या लगद्यात सोडा फारसा उरत नाही. उरतं ते पाऊण हिश्शाहून जास्त पाणी आणि भरपूर प्रथिनं. एप्रिलच्या उकाड्यात असा लगदा काही तास बाहेर राहिला की आंबतो. जंतू येतात हातांतून, ओल्या कापडातून, धुण्याच्या पाण्यातून. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू तर वाळवूनही मरत नाहीत. म्हणून लगदा निघाला की लगेच सोऱ्यातून शेव पाडा, एकाच पातळ थरात पसरा आणि ६० अंशांच्या आत ड्रायरमध्ये वाळवा. शेव कडकन मोडली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे, डब्यात बुरशी धरणार. गाळायचं कापड रोज उकळा.

धुणं थोडक्यात आटपा. साध्या पाण्यात लगदा जास्त वेळ राहिला की पेशी फुटतात आणि पाणी निळं होतं, म्हणजे फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य गेलं. अजिबात धुतलं नाही तर सोडा राहतो, राख वाढते आणि वजनही.

टाकीवाला
स्वच्छतेचं ठीक. पण धातू, जंतू, मायक्रोसिस्टिन (मायक्रोसिस्टिस या शेवाळाचं विष) अशी सगळी तपासणी दर बॅचला करायची तर लहान उत्पादकाने जगायचं कसं? लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा असलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिस वाढत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठच्या कानेम्बू बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच शेवाळ गोळा करून ‘दिहे’ नावाच्या वाळवलेल्या वड्या करतात. त्यांच्याकडे कुठली लॅब होती?

खारपाणी
ताज्या झारूक माध्यमात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या सोड्याच्या पाण्यात, मायक्रोसिस्टिस वाढत नाही, हे मान्य. पण ते माध्यम महिनोन्‌महिने तसंच राहतं का? सोडा महाग म्हणून कमी टाकतात, उघड्या टाकीत पावसाचं पाणी पडतं, पीएच ९ च्या खाली येतो. मग आधी क्लोरेला हे दुसरं हिरवं शेवाळ शिरतं. त्याच्या पेशी इतक्या बारीक की कापडातून निसटतात आणि गाळलेल्या पाण्यासोबत परत टाकीतच जातात, म्हणून वाढतच राहतात. चाडच्या ज्या तळ्यांतून दिहे काढतात त्यांचं पाणी मुळातच सोडायुक्त आहे. तुमच्या बोअरचं तसं आहे का?

भिंगवाले
शंभरपट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक घ्या आणि रोज एक थेंब बघा. वळणदार धागे म्हणजे आपलं पीक. गोल पेशींचे पुंजके दिसले की काढणी थांबवा. सरळ धाग्यांनी गोंधळ होतो: स्पिरुलिनाही कधी वळण सोडते आणि मग ऑसिलेटोरिया या दुसऱ्या शेवाळापासून वेगळी ओळखू येत नाही. अशा वेळी नवं बियाणं आणलेलं बरं.

लहान मुलांचं गणित तर फारच वेगळं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९७ मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळाच्या उत्पादनांसाठी ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिनची मर्यादा घातली, ती मोठ्या माणसाचं वजन धरून. जागतिक आरोग्य संघटनेचं रोजचं सुरक्षित प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.६. मर्यादेत ‘पास’ झालेली २ ग्रॅम पावडर त्याला २ पर्यंत देऊ शकते, तिप्पट! कुपोषित मुलांना चिक्कीतून वाटणाऱ्यांनी हे आधी बघावं.

शाकाहारी
आणि पाकिटावर बी१२ छापणं बंद करा. त्यात मुख्यतः स्यूडो (नकली) बी१२ असतं, ते माणसाच्या उपयोगी पडत नाही. त्यावर विसंबलेल्या शाकाहारी माणसाचं नुकसान होतं.

हिशेबनीस
मूळ दुखणं उत्पन्नाच्या दाव्यात आहे. प्रशिक्षणवाले १० बाय २० फुटांच्या टाकीतून रोज १ किलो सांगतात. ती टाकी साडेअठरा चौरस मीटरची. चांगल्या दिवसांत चौरस मीटरला ७ ते १० ग्रॅम सुकं धरा: १३० ते १८५ ग्रॅम.

टाकीवाला
ते ओल्या लगद्याचं सांगतात. त्यात खोटं काय?

हिशेबनीस
मग विक्रीचा दर सुक्या पावडरचा का लावतात? १ किलो पावडरला ५ किलोच्या आसपास लगदा लागतो. त्या हिशेबावर माणूस कर्ज काढतो आणि तूट आली की शेतीचं सुपर फॉस्फेट टाकतो. फॉस्फेटच्या खडकातलं कॅडमियम त्यात असू शकतं आणि पेशी धातू धरून ठेवतात. नायट्रेटऐवजी युरिया टाकतो. युरियातून अमोनिया होतो; पीएच ९.२५ च्या वर त्याचा निम्म्याहून जास्त भाग मुक्त, म्हणजे पिकाला विषारी रूपात असतो, मग पीक पिवळं पडून बसतं. शेवटी बाहेरची अनोळखी पावडर मिसळून ऑर्डर पुरी होते.

टाकीवाला
शेतकऱ्याला सरसकट भेसळखोर ठरवू नका! स्वच्छ काम करणारे आहेत, त्यांना अशा लिखाणाने गिऱ्हाईक मिळेनासं होतं.

हिशेबनीस
सरसकट म्हटलेलं नाही. फसवे आकडे देणाऱ्यांवर राग आहे, आणि तो राहणार.

टाकीवाला
बरं. खताचा लॉट बदलला की शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा तपासायचं, एवढं मानतो. दर बॅचला मायक्रोसिस्टिन मात्र मानत नाही.

भिंगवाले
मोठ्यांसाठी, रोज सूक्ष्मदर्शक आणि पीएचची नोंद असेल तर चालेल. पाऊस टाकीत पडला, पीएच घसरला किंवा पुंजके दिसले की ती बॅच तपासायचीच. मुलांसाठी जाणारी तर प्रत्येक.

टाकीवाला
मुलांपुरतं ठीक. त्याचा खर्च वाटप करणाऱ्यांनी द्यावा.